खेळाडूच्या विचाराचा वेळ यंत्राने कसा वापरला: ‘ईस्टर्न फ्रंट (१९४१)’ या खेळाचं प्रकरण

१९८१ साली अटारीच्या ‘अटारी प्रोग्रॅम एक्स्चेंज’ने ‘ईस्टर्न फ्रंट (१९४१)’ हा युद्धखेळ विक्रीला आणला. लेखक क्रिस क्रॉफर्ड. ते अटारीतच नोकरीला होते, पण हा खेळ त्यांनी नोकरीबाहेरच्या स्वतःच्या वेळात लिहिला. यंत्र अटारी ४०० किंवा ८०० हा घरगुती संगणक, मेमरी १६ के (किलोबाइट). विषय जर्मनीची सोव्हिएत संघावरची चढाई. खेळ २२ जून १९४१ ला सुरू होतो आणि २९ मार्च १९४२ ला संपतो. एक पाळी म्हणजे एक आठवडा. जर्मन फौजा खेळाडूच्या ताब्यात, सोव्हिएत फौजा यंत्राच्या.

सरकणारा नकाशा, ऋतूंप्रमाणे बदलणारे रंग, जॉयस्टिकने दिलेले हुकूम या गोष्टींसाठी हा खेळ लोकांच्या लक्षात राहिला. या लेखात मात्र त्यातला एकच प्रश्न सोडवून पाहायचा आहे: इतक्या लहान यंत्रात विचार करणारा प्रतिस्पर्धी बसवायचा आणि तरी खेळाडूला ताटकळत ठेवायचं नाही, हे जमलं कसं? नकाशा, रंग आणि जॉयस्टिक यांचीही उत्तरं शेवटी याच प्रश्नापाशी येतात.

अडचण कुठे होती

पटावरचे युद्धखेळ तेव्हा जुने आणि पक्के होते. संगणकावरचे नुकते रांगायला लागले होते. स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्सचा ‘कम्प्युटर बिस्मार्क’ १९८० सालचा, बेसिक या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला. क्रॉफर्ड यांच्याच आधीच्या ‘टँकटिक्स’मध्ये नकाशा आणि सोंगट्या टेबलावर मांडायच्या आणि संगणकाने सांगितलेल्या घरांवर त्या हाताने सरकवायच्या अशी पद्धत होती. संगणक हिशेब ठेवायचा, डोळ्यांसमोरचं रणांगण मात्र पुठ्ठ्याचं.

या सगळ्या खेळांच्या मुळाशी एकच क्रम असे. आधी माणूस खेळणार, मग यंत्र. माणूस पंधरा मिनिटं डोकं खाजवत बसला तर तेवढा वेळ यंत्र रिकामं. माणसाची खेळी झाली की यंत्र विचाराला बसणार आणि माणूस रिकामा. यंत्राला चांगलं खेळवायचं तर त्याची पाळी लांबते. पाळी आखूड ठेवायची तर ते वेड्यासारखं खेळतं.

आकड्यांत हे किती अवघड आहे ते ढोबळमानाने मांडू. खेळात दोन्ही बाजू मिळून, नंतर येणारी कुमक धरून, दीडशेहून अधिक तुकड्या आहेत. त्यातल्या शंभर सोव्हिएत धरा. प्रत्येकीला पाच पर्याय: जागेवर थांबणे किंवा चार दिशांपैकी एकीकडे सरकणे. प्रत्येक पर्याय तपासताना पन्नास जर्मन तुकड्या किती दूर आहेत ते बघायचं झालं तर १०० × ५ × ५०, म्हणजे २५,००० तपासण्या. एका तपासणीला शंभर सायकल (प्रोसेसरचे ठोके) धरले तर पंचवीस लाख सायकल. अमेरिकी अटारीतला ६५०२ प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७.९ लाख सायकल चालतो आणि पडदा रंगवणारी अँटिक चिप त्यातलेही काही काढून घेते. म्हणजे एक फेरी दीड-दोन सेकंदांची, तीही फक्त अंतरं मोजायची. आघाडीचा आकार, भूभाग, मित्रतुकड्यांची गर्दी हे धरलं की त्याच्या कितीतरी पट. शिवाय एका फेरीत भागत नाही. एका तुकडीने जागा बदलली की शेजारणीचा हिशेब चुकतो, म्हणून पुन्हा फेरी. असल्या वीस-पंचवीस फेऱ्यांसाठी दर आठवड्याला पडद्याकडे बघत बसायचं म्हटलं तर चाळीसएक पाळ्यांच्या खेळात माणूस सप्टेंबर १९४१ देखील गाठणार नाही.

उलटवलेला क्रम

क्रॉफर्ड यांनी काम उलट वाटून दिलं. प्रोसेसरचं मुख्य काम म्हणजे सोव्हिएत सेनापतीचा विचार. तो सतत चालू. खेळाडूकडे बघायचं काम मात्र मध्येमध्ये, चोरट्या क्षणांत उरकायचं.

हे क्षण टीव्हीच देतो. पडद्यावरचा किरण खालच्या टोकाला पोहोचला की तो परत वर जाईपर्यंत थोडा अवकाश मिळतो. त्याला व्हर्टिकल ब्लँक म्हणतात. अमेरिकी टीव्हीवर हे सेकंदाला ६० वेळा होतं. दर वेळी अँटिक प्रोसेसरला हटकते (याला इंटरप्ट म्हणतात), चाललेलं काम थांबतं, एक छोटा उपप्रोग्रॅम चालतो आणि काम होतं तिथून पुढे सुरू होतं. एका फ्रेमच्या २६२ रेषा, दर रेषेला ११४ सायकल, म्हणून फ्रेमला २९,८६८ सायकल. जॉयस्टिक वाचणे, कर्सर हलवणे, नकाशा सरकवणे, तुकडीची माहिती छापणे, हुकूम नोंदवणे हे सगळं या उपप्रोग्रॅमात. त्याला यातले थोडेच सायकल लागतात. उरलेले सगळे विचाराला.

खेळाडूच्या बाजूने चित्र असं दिसतं. कर्सर म्हणजे एक पोकळ चौकोन. तो एखाद्या पँझर कोअरवर, म्हणजे रणगाड्यांच्या मोठ्या तुकडीवर, नेऊन बटण दाबून धरलं की खाली तिचं नाव आणि बळ दिसतं. बटण न सोडता काठी पूर्वेला ढकलली की एक हुकूम नोंदला. आणखी पूर्वेला, मग उत्तरेला, असे जास्तीत जास्त आठ. तुकडी कोणत्या वाटेने जाणार ते एक बाण चालून दाखवतो आणि वाटेच्या शेवटी एक क्रूस उमटतो. मन बदललं तर स्पेसबार दाबून हुकूम रद्द. सगळ्या फौजेला हुकूम देऊन झाले की स्टार्ट बटण. हा सारा वेळ पडद्यावर सोव्हिएत बाजू गप्प उभी दिसते. प्रत्यक्षात प्रोसेसर तिचंच काम करत असतो.

स्टार्ट दाबलं की विचार थांबतो आणि त्या क्षणी जो आराखडा तयार असेल तो सोव्हिएत हुकूम म्हणून घेतला जातो. वेगळी वाट बघावी लागत नाही. दहा मिनिटं घासाघीस करून योजना आखणाऱ्याला समोर दहा मिनिटं विचार केलेला शत्रू मिळतो.

विचार अर्धवट तोडता येण्यासाठी काय लागतं

इथे या प्रकरणाचा गाभा आहे. सेकंदाला साठ वेळा अडवणारा इंटरप्ट लिहिणं हे त्या काळच्या असेंब्लीकाराला (थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहिणाऱ्याला) नवं नव्हतं. नवं होतं ते कधीही तोडला तरी कामाचा राहील असा विचार लिहिणं. बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमसारखा शेवटपर्यंत पोहोचल्यावरच उत्तर देणारा हिशेब इथे निरुपयोगी, कारण स्टार्ट कधी दाबलं जाईल ते कुणालाच ठाऊक नाही.

म्हणून सोव्हिएत फौजेची एक सावली ठेवली आहे. दर तुकडीची खरी जागा वेगळी आणि तिचं इच्छित ठिकाण वेगळं. विचाराची एक फेरी म्हणजे एकेक तुकडी उचलायची आणि तिचं इच्छित ठिकाण आहे तिथेच ठेवावं की एक घर इकडेतिकडे सरकवावं ते ठरवायचं. पुढची तुकडी हिशेब करताना आधीच्या तुकड्यांची इच्छित ठिकाणं धरून चालते. फेरी संपली की पहिल्यापासून पुन्हा. सावलीची फौज अशी हळूहळू नकाशावर फिरत चांगल्या रचनेकडे जाते. खऱ्या तुकड्या तोवर जागेवरच. स्टार्ट दाबलं की खऱ्या जागेपासून सावलीच्या जागेपर्यंतची वाट हुकुमांत उतरवली जाते. विचार कुठेही तोडा, हातात नेहमी एक पूर्ण आराखडा असतो, फार तर कच्चा.

ठिकाण निवडायची कसोटी अशी. आधी दोन्ही फौजांच्या एकूण बळाचं गुणोत्तर, मग प्रत्येक तुकडीसाठी तिच्या आसपासचं गुणोत्तर आणि चार दिशांपैकी कुठून किती दाब येतोय त्याचा अंदाज. जवळपास शत्रू नसेल तर ती तुकडी राखीव. ती ढासळत्या जागेकडे निघते. शत्रू समोर असेल तर तुकडीभोवतीचा पाच बाय पाच घरांचा तुकडा काढून आघाडीचा आकार तपासतात. सलग भिंत असेल तर गुण, मध्ये भोक असेल तर वजा, एकीच्या पाठीमागे दुसरी अशी रांग लागली असेल तरी वजा. ज्या दिशेने धोका जास्त त्या दिशेला तोंड करून केलेल्या तपासणीचं वजन जास्त. त्यात भूभागाचा आडोसा, अंतर आणि त्या घरावर दुसऱ्या कुणी आधीच हक्क सांगितलाय का हे मिळवायचं. ज्या घराची बेरीज मोठी ते घर.

‘शत्रूने असं केलं तर मी तसं करीन’ अशी पुढची खेळी यात कुठेही नाही. आहे ती फक्त आकाराची जाण: भिंत सलग ठेवा, भोकं बुजवा, रांगा लावू नका. बचाव करणाऱ्या फौजेला तेवढी जाण बरीच पुरते. यंत्राला सोव्हिएत बाजू दिली म्हणूनच ही पद्धत चालली. हाच विचार जर्मन चढाईला लावला असता तर यंत्र सीमेवरच भिंत बांधून बसलं असतं. बाजू वाटतानाच यंत्राची ताकद आणि कमजोरी ओळखली होती, हे मला या खेळातलं सर्वांत शहाणं पाऊल वाटतं.

दोघांच्या खेळ्या एकदमच का

वेळेची ही वाटणी एका अटीवर चालते. दोघांच्या फौजा एकाच वेळी हलल्या पाहिजेत. जर्मन आधी हलून मग सोव्हिएत हलणार असतील तर यंत्राला जर्मनांची खेळी पूर्ण होईपर्यंत थांबावं लागेल आणि आधी केलेला सगळा विचार पाण्यात जाईल. म्हणून आठवड्याचे ३२ उपभाग पाडले आहेत. प्रत्येक हुकूम कितव्या उपभागात पुरा होणार ते भूभाग, ऋतू आणि तुकडीचा प्रकार यांवरून ठरतं आणि दोन्ही बाजूंच्या तुकड्या आपापल्या ठोक्याला पाऊल टाकतात. सपाट मैदानात चिलखती तुकडी आठवड्यात बरंच अंतर कापते. दलदलीत तीच दोन-चार घरांत अडकते.

जायच्या घरात आपलीच तुकडी असेल तर मागची ताटकळते. शत्रूची असेल तर लढाई. प्रत्येक तुकडीला दोन आकडे आहेत. एक मस्टर, दुसरं लढाऊ बळ. मस्टर हा शब्द आपल्या कचेऱ्यांतलाच: हजेरीपटावर किती. लढाऊ बळ म्हणजे त्यातले आज उभं राहून लढण्याच्या स्थितीत किती. लढाईत दोन्ही घटतात, पण लढाऊ बळ जास्त वेगाने. विश्रांती आणि रसद मिळाली तर लढाऊ बळ आठवड्यागणिक मस्टरकडे परत चढतं. ते मस्टरच्या मानाने फार खाली गेलं की तुकडी मोडते आणि मागे हटते.

रसद दर आठवड्याच्या सुरुवातीला तपासली जाते. जर्मन तुकडीला नकाशाच्या पश्चिम कडेपर्यंत वाट सापडली पाहिजे, सोव्हिएत तुकडीला पूर्व कडेपर्यंत. शत्रूच्या तुकड्यांनी आणि त्यांच्या प्रभावक्षेत्रांनी (तुकडीच्या धाकाखालच्या शेजारच्या घरांनी) वाट अडवली तर लढाऊ बळ एकदम निम्मं. हाच नियम खेळाडूचं मुख्य हत्यार आहे आणि आकार बघणाऱ्या यंत्राचा सर्वांत मोठा आंधळा कोपराही. समोरून भिंत ढकलत बसू नका. पँझर दोन बाजूंनी आत घुसवा, पाठीमागे एकमेकांना भेटवा, आतल्या तुकड्यांची रसद तोडा आणि पायदळाकडून एक-दोन आठवड्यांनी निम्म्या बळाच्या तुकड्या मोडून काढा. प्रत्यक्ष युद्धात मिन्स्क आणि कीव्हला झाले तसलेच हे वेढे.

एकदम हलण्याचा एक तोटा खेळाडू पहिल्या दोन पाळ्यांत शिकतो. पायदळ आणि पँझर यांना एकाच वाटेचे हुकूम दिले तर पुढचं पायदळ वाट अडवतं आणि मागचे पँझर अर्धा आठवडा उभे राहतात. एका घरातून एकच तुकडी जाते हे लक्षात ठेवून वाटा आधी वेगळ्या करा: पँझरना मोकळं मैदान, पायदळाला जंगलाकडेची वाट. आठही हुकूम भरायचा मोह टाळा. वाटेत लढाई झाली की उरलेले हुकूम जुन्या परिस्थितीवरचे ठरतात आणि तुकडी भलतीकडे ठोकर खात राहते. आघाडीवरच्या तुकड्यांना दोन-तीन हुकूम पुरतात. पिछाडीवरून येणाऱ्यांना पूर्ण आठ द्यायला हरकत नाही.

पडद्याचा खर्च वाचवला म्हणून विचाराला वेळ उरला

नकाशा स्क्रीनपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि कर्सर कडेला गेला की तो सरकतो. सगळा पडदा मेमरीत उचलून सरकवायचा म्हटलं तर विचाराला काय उरणार? अँटिक हे काम जवळजवळ फुकट करते. डिस्प्ले लिस्टमध्ये, म्हणजे पडदा कसा रंगवायचा ते अँटिकला सांगणाऱ्या यादीत, प्रत्येक ओळीला स्वतःचा मेमरी पत्ता दिला की ओळीमागे दोन बाइट बदलून नकाशा अख्ख्या घराने सरकतो. घराच्या आतली बारीक हालचाल ५४२७६ (आडवी) आणि ५४२७७ (उभी) या पत्त्यांवरच्या दोन रजिस्टरांत, म्हणजे चिपच्या नियंत्रण-कप्प्यांत, आकडा लिहून होते. चूक नेहमी एकाच जागी होते: आडवी बारीक सरकण चालू केली की अँटिक वीसऐवजी चोवीस बाइट वाचते. हे विसरून ओळी २० बाइटांच्या हिशेबाने मांडल्या की नकाशा तिरका फाटतो.

भूभागाच्या चित्रांचीही काटकसर आहे. मोठ्या रंगीत अक्षरांच्या या मोडमध्ये एका वेळी ६४ आकृत्याच मिळतात, कारण बाइटाचे वरचे दोन बिट रंगात जातात. जंगलं, डोंगर, शहरं आणि नद्यांची वळणं एवढ्यात मावत नाहीत. म्हणून उत्तरेला एक अक्षरसंच आणि दक्षिणेला दुसरा, आणि पडदा रंगत असतानाच डिस्प्ले लिस्ट इंटरप्टने तो बदलायचा. ऋतू तर रंगाच्या रजिस्टरांतच आहेत. त्या रजिस्टरांच्या मेमरीतल्या नकला ७०८ ते ७१२ या पत्त्यांवर असतात. त्यातला जमिनीचा एक आकडा बदलला की अख्खा रशिया चिखलात जातो, पुढे बर्फात. नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे गोठत येतात, आणि कालपर्यंत आडोसा असलेली नदी आज उघडी वाट होते. ऑक्टोबरातल्या चिखलाने पँझर रुतलेले असताना जमिनीचा रंग बदललेला पाहणं हा या खेळातला सर्वांत बोलका क्षण आहे, आणि त्याला प्रोसेसरचे मोजून काही सायकल लागतात.

स्वतः बांधताना

ही रचना कुणाला अटारीवर किंवा एम्युलेटरवर (आजच्या संगणकावर अटारीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) पुन्हा उभी करायची असेल तर क्रम असा ठेवा. आधी इंटरप्टचा उपप्रोग्रॅम लिहा आणि तो ५८४६६ या मेमरी पत्त्यावर उडी मारून संपवा. मग प्रोसेसरच्या ए रजिस्टरात ७, एक्समध्ये उपप्रोग्रॅमच्या पत्त्याचा वरचा बाइट, वायमध्ये खालचा घेऊन ५८४६० ला हाक मारा. तो व्हर्टिकल ब्लँकच्या दुसऱ्या टप्प्यात जोडला जातो. या टप्प्यात ए, एक्स, वाय ऑपरेटिंग सिस्टीमने आधीच जपलेले असतात. डिस्प्ले लिस्ट इंटरप्टमध्ये मात्र ते तुम्हालाच जपावे लागतात. न जपल्यास मुख्य विचार मधूनच वेड्यासारखे आकडे देऊ लागतो आणि चूक शोधताना दिवस जातात.

काठी ६३२ वर वाचा (मोकळी असताना १५), बटण ६४४ वर (दाबलं की ०), स्टार्ट ५३२७९ च्या सर्वांत खालच्या बिटात (दाबलं की ०). स्टार्टची तपासणी मुख्य विचारात, आणि प्रत्येक तुकडीनंतर करा. फेरी संपल्यावरच बघितलं तर खेळाडूला बटण दाबून काही सेकंद काहीच होत नाहीसं वाटेल आणि तो पुन्हा पुन्हा दाबत राहील. पहिली फेरी सुरू होण्याआधी प्रत्येक तुकडीचं इच्छित ठिकाण म्हणजे तिची आत्ताची जागा असं भरून घ्या, म्हणजे दुसऱ्या सेकंदाला स्टार्ट आलं तरी कचरा हुकूम निघणार नाहीत.

मग मेमरीची वाटणी. झीरो पेजमधल्या (मेमरीच्या पहिल्या २५६ बाइटांतल्या) तात्पुरत्या जागा विचाराला वेगळ्या, इंटरप्टला वेगळ्या. एकच जागा दोघांनी वापरली की चूक कधीतरीच दिसते, तीही खेळाडू काठी हलवत असेल तेव्हाच. दोन बाइटांचा आकडा इंटरप्ट लिहीत असेल तर मुख्य विचाराने तो वाचू नये. खालचा बाइट जुना आणि वरचा नवा असा फाटका आकडा हाती येतो. या खेळात तो प्रसंग फारसा येत नाही, कारण खेळाडूच्या हुकुमांशी विचाराला देणंघेणं नाही. जर्मन तुकडी आज कुठे उभी आहे एवढंच तो बघतो. न्यायही त्यात आहे: तुमचे हुकूम चोरून वाचणारा शत्रू कुणाला आवडणार?

दोन गोष्टी हमखास राहून जातात. डिस्कचं काम चालू असताना ६६ या पत्त्यावरचा झेंडा वर असतो आणि दुसऱ्या टप्प्यातले उपप्रोग्रॅम चालत नाहीत. त्या वेळी काठी मेल्यासारखी वाटते. दुसरी, किबोर्डला हात लागला नाही तर सुमारे नऊ मिनिटांनी अटारी पडद्याचे रंग बदलायला लागते, टीव्ही जळू नये म्हणून. जॉयस्टिक हलवली तरी ते थांबत नाही. लांब विचार करायच्या खेळात हे नक्की घडणार, तेव्हा इंटरप्टमध्येच ७७ वर ० लिहीत राहा.

हा उपाय कुठे कमी पडतो

खोड अशी की शत्रूची हुशारी खेळाडूच्या संथपणावर अवलंबून राहते. सरावलेला खेळाडू दीड मिनिटात हुकूम देऊन स्टार्ट दाबतो आणि समोर अर्धवट भिंत मिळवतो. नवखा माणूस नियम आठवत, नकाशा चाळत पंधरा मिनिटं घेतो आणि त्याच्यासमोर नीट रचलेली आघाडी उभी राहते. म्हणजे शिकाऊ माणसाचं पानिपत आणि मुरलेल्याला सूट. हे खेळाच्या रचनेत उलट पडतं. मुख्य विचाराने मोजून काही फेऱ्या झाल्यावरच स्टार्ट स्वीकारायचं, एवढ्याने घाईवाल्याची सूट गेली असती. बदल्यात त्याला काही सेकंद थांबावं लागलं असतं. तो सौदा मला मान्य झाला असता. पुढे कार्ट्रिजवर निघालेल्या आवृत्तीत शिकाऊपासून तज्ज्ञापर्यंत पाच पातळ्या आल्या आणि नवख्याची अडचण वेगळ्या वाटेने हलकी झाली.

शिवाय एका मर्यादेनंतर जास्त वेळ देऊनही विचार सुधारत नाही. सावलीची फौज एका बऱ्यापैकी रचनेला पोहोचली की तिथेच थांबते किंवा दोन रचनांमध्ये डोलत राहते. एकेक घर सरकणाऱ्या पद्धतीला दरीपलीकडची चांगली जागा दिसत नाही, कारण तिथे जाताना आधी गुण घटतात. त्यामुळेच अर्धा तास विचार केलेला सोव्हिएत सेनापतीही वेढ्यात सापडतो. जिथे आकार ठीक दिसतो तिथे तो उभा राहतो, दोन आठवड्यांनी मागचा रस्ता बंद होणार हे त्याला कळत नाही.

खेळाडूला आवर घालतात ते चिखल, हिवाळा आणि गुणांचा हिशेब. तुकड्या पूर्वेला नेल्याचे आणि सोव्हिएत फौज मोडल्याचे गुण मिळतात, स्वतःच्या नुकसानीचे कापले जातात, आणि कमाल २५५ म्हणजे एका बाइटात मावतील तेवढेच. हिशेब मार्चअखेर होतो. नोव्हेंबरात मॉस्कोपाशी फाजील पुढे गेलेली, रसद तुटलेली फौज चार महिन्यांत गुण परत देऊन टाकते. ऑक्टोबरच्या आधी जिथवर जाता येईल तिथवर जा, चिखल लागताच आघाडी सरळ करा, मोडकळीला आलेल्या कोअर मागे घ्या. सरळ आघाडी धरून बसलेल्या फौजेला यंत्राची कुमक सहज भेदू शकत नाही.

फरक मोजून बघायचा असेल तर

एम्युलेटरवर हे तासाभरात तपासता येतं. यंत्र अमेरिकी पद्धतीवर ठेवा. युरोपी पद्धतीत सेकंदाला ५० फ्रेम आणि फ्रेमला ३१२ रेषा असतात, त्यामुळे आकडे जुळणार नाहीत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पाळीच्या सुरुवातीला, हुकूम द्यायच्या आधीची स्थिती जपून ठेवा. एकदा ठरलेले हुकूम देऊन वीस सेकंदांत स्टार्ट दाबा. मग जपलेली स्थिती परत आणा, तेच हुकूम द्या आणि पाच मिनिटं थांबून स्टार्ट दाबा. पहिल्या वेळी यंत्राला सुमारे ३.६ कोटी सायकल मिळाले, दुसऱ्या वेळी सुमारे ५४ कोटी.

मारलेल्या-मेलेल्यांचे आकडे ताडून बघू नका. यादृच्छिक आकडे पोकी या दुसऱ्या चिपच्या ५३७७० या पत्त्यावरून येतात आणि तिथला आकडा वाचण्याच्या नेमक्या क्षणावर ठरतो, म्हणून सारख्याच लढाईचा निकाल दर वेळी बदलतो. बघायचं ते आठवडा संपल्यावरच्या सोव्हिएत रांगेकडे: भिंतीत भोकं किती, एकामागे एक अडकलेल्या जोड्या किती, पिछाडीच्या तुकड्यांपैकी किती ढासळत्या जागेकडे निघाल्या. दोन्ही प्रकार दहा-दहा वेळा करून मोजा. आणि एम्युलेटर वेगवान मोडमध्ये ठेवून चहा प्यायला उठू नका. घड्याळात दोन मिनिटं झाली असली तरी आतल्या शत्रूने तेवढ्यात अर्धा-पाऊण तास विचार केलेला असतो.

अटारीने या खेळाचा सोर्स कोड त्या काळीच वेगळा विकला होता आणि २०१३ मध्ये क्रॉफर्ड यांनी तो सर्वांसाठी खुला केला. वाचायला घ्याल तेव्हा इंटरप्टचा भाग आणि विचाराचा भाग शेजारी शेजारी उघडा आणि दोघेही हात लावतात अशा जागांची यादी करत चला. त्या किती थोड्या आहेत ते बघताना हा खेळ १६ के मध्ये कसा मावला ते उलगडत जातं.